न्यायाधीश, राजदूत आणि न मांडलेला दावा: एडवर्ड ब्रूस, लंडन, १६०१

केस स्टडीत नावं झाकायची पद्धत असते. इथे सगळी मंडळी जाऊन साडेतीनशे वर्षांच्या वर झालीत, म्हणून झाकत बसत नाही. माणूस आहे एडवर्ड ब्रूस, स्कॉटलंडच्या वरच्या कोर्टातला न्यायाधीश आणि राजाचा राजदूत, आणि प्रसंग आहे १६०१ सालच्या लंडनमधला.

मराठेशाहीत दुसऱ्याच्या दरबारात जो माणूस नेमायचे त्याला वकीलच म्हणायचे, आज काळा कोट घातलेल्याला म्हणतो तोच शब्द. ब्रूसला तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो. आणि माझं मत विचाराल तर तो राजदूत म्हणून जिंकला ते कोर्टातली एक सवय अंगात मुरली होती म्हणून: कोणता मुद्दा कोर्टापुढं न्यायचाच नाही, हे ओळखायची सवय.

पार्श्वभूमी

ब्रूसचा जन्म साधारण १५४८ चा, फोर्थच्या खाडीकाठी कलरॉसजवळ, ब्लेअरहॉलच्या ब्रूस घराण्यात (लिहितात कलरॉस, तिकडचे लोक म्हणतात कूरस). धाकटी पाती, म्हणजे जमीनजुमला थोरल्याकडं जाणार आणि यानं स्वतःचं बघायचं. पण मामा तगडा होता. रॉबर्ट रीड, ऑर्कनीचा बिशप आणि कोर्ट ऑफ सेशन म्हणजे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाचा अध्यक्ष. १५५८ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी हिचं लग्न फ्रान्सच्या युवराजाशी लागलं तेव्हा स्कॉटलंडतर्फे गेलेल्या आठ जणांत तो होता, आणि परतताना दिएप बंदरात वारला. त्याच्यासोबतचे आणखी तिघं पण फ्रान्समध्येच गेले, त्यामुळे विषाची कुजबुज तेव्हाच सुरू झाली. मृत्युपत्रात मामानं एडिंबरोला कॉलेज काढायला ८००० मर्क (तिकडचं जुनं नाणं) ठेवले होते, तिथल्या युनिव्हर्सिटीची गोष्ट सांगताना आजही हे पैसे आठवतात. सांगायचं काय, तर न्यायाधीशानं राजदूत व्हायचं हे या घराला नवं नव्हतं, आणि त्या कामावर गेलेला माणूस घरी परत येईलच असं नाही हेही नवं नव्हतं.

ब्रूस कायदा शिकला आणि एडिंबरोच्या कमिसरी कोर्टात न्यायाधीश झाला. हे कोर्ट म्हणजे मृत्युपत्रं, वारसा, लग्न, काडीमोड. धर्मसुधारणेच्या आधी ही कामं चर्चची कोर्टं बघायची, नंतर राजाच्या कोर्टाकडं आली. आता हे लक्षात ठेवा, कारण पुढं त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण आलं ते पण वारशाचंच, फक्त इस्टेट म्हणजे अख्खं इंग्लंड होतं. १५८३ मध्ये त्याला किनलॉसचा मठ मिळाला, मामा जिथं ॲबट म्हणजे मठाधिपती होता तोच. मिळाला म्हणजे भिक्षू वगैरे व्हायचं नाही, मठाच्या जमिनीचं उत्पन्न खायचं, आपल्याकडच्या इनामासारखं. १५९७ च्या डिसेंबरात तो कोर्ट ऑफ सेशनच्या पंधरा न्यायाधीशांत बसला.

मधे मधे राजा सहावा जेम्स त्याला लंडनला पाठवत राहिला. १५९४ ची तक्रार अशी होती की बंडखोर बॉथवेलच्या अर्लला (अर्ल म्हणजे सरदारकीचा एक किताब) इंग्लंडमध्ये थारा का मिळतो. १५९८ ची खेप जास्त नाजूक, एलिझाबेथ राणीनं जेम्सला आपला वारस म्हणून मान्य करावं अशी मागणी घेऊन. हात हलवत परत आला. पण माझ्या मते ही वाया गेलेली खेप नव्हती, समोरचा पक्ष कुठल्या प्रश्नावर उत्तरच देत नाही हे त्याला तिथं जवळून दिसलं.

अडचण काय होती

एलिझाबेथ साठी ओलांडलेली, लग्न नाही, मूल नाही, आणि वारसाचं नाव काढलं की भडकायची. १५७१ च्या कायद्यानं या विषयावर मोकळं बोलणं पण धोक्याचं करून ठेवलेलं. पीटर वेंटवर्थ नावाच्या खासदारानं वारस ठरवा म्हणून लावून धरलं तर त्याला टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात टाकलं, तिथंच मेला बिचारा.

रक्ताच्या नात्यानं जेम्सचा दावा सगळ्यात पुढं होता. एलिझाबेथचा बाप आठवा हेन्री, त्याची थोरली बहीण मार्गारेट, तिचा हा पणतू. पण कायद्यात दोन मोठी भोकं होती. एक, हेन्रीनं मृत्युपत्रात मार्गारेटची शाखा वगळून धाकट्या बहिणीची शाखा पुढं घेतली होती. दोन, परदेशात जन्मलेल्या परक्याला इंग्लंडात जमिनीचा वारसा मिळत नाही असा जुना नियम, आणि जेम्स स्कॉटलंडात जन्मलेला, मग जमीन मिळत नाही तर मुकुट कसा मिळणार असं विरोधकांचं म्हणणं. त्यात अराबेला स्टुअर्ट ही चुलतबहीण इंग्लंडात जन्मलेली, आणि कॅथलिक गोटातून स्पेनच्या राजकन्येचं नाव पुढं केलेलं. भरीस १५८५ चा कायदा, की राणीच्या जिवावर उठणारा कट ज्याच्यासाठी रचला त्याचा हक्क गेला.

जेम्सनं यावर शोधलेला उपाय म्हणजे एसेक्सचा अर्ल. राणीचा एकेकाळचा लाडका, आता मर्जीतून उतरलेला, आणि राणीचा सेक्रेटरी, म्हणजे मुख्य मंत्री, रॉबर्ट सेसिल याचा कट्टर वैरी. एसेक्सनं १६०० च्या डिसेंबरात जेम्सला कळवलं की मारच्या अर्लला १ फेब्रुवारीपर्यंत लंडनला पाठवा. सेसिलची माणसं तुमचा हक्क स्पॅनिश राजकन्येला विकतायत अशी त्याची हाकाटी होती. जेम्सनं मार आणि ब्रूस अशी जोडी नेमली. मार हा जेम्सचा लहानपणापासूनचा सोबती, मानाचा सरदार, म्हणजे पालखीत बसायला मार आणि कागद वाचायला ब्रूस.

निघायला उशीर झाला. आणि ८ फेब्रुवारी १६०१, रविवार, एसेक्स लंडनच्या रस्त्यावर शेदोनशे माणसं घेऊन उतरला, शहर आपल्या मागं उभं राहील या भरवशावर. कुणी आलं नाही, रात्रीपर्यंत खेळ खलास. २५ तारखेला टॉवरमध्ये डोकं उडवलं. (योगायोग बघा, जेम्सच्या आईचा, राणी मेरीचा शिरच्छेद पण ८ फेब्रुवारीलाच झाला होता, १५८७ मध्ये.) एसेक्सच्या गळ्यातल्या काळ्या पिशवीत जेम्सचं पत्र होतं म्हणतात, ते त्यानं पकडलं जाण्याआधी नष्ट केलं. पण त्याचा सेक्रेटरी हेन्री कफ चौकशीत बोलला, मारच्या अर्लला काय काय सांगायचं ठरलं होतं ते सगळं, आणि ते ऐकणारा माणूस होता सेसिल.

म्हणजे मार्चच्या सुरुवातीला मार आणि ब्रूस लंडनला पोचले तेव्हा ज्याला भेटायचं तो मेलेला, ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो सत्तेत, आणि त्या सत्तेतल्या माणसाच्या टेबलावर यांच्या राजाला १५८५ च्या कायद्यात अडकवता येईल इतका मसाला.

इथं एक सांगतो. तो उशीर झाला नसता, मार १ फेब्रुवारीला लंडनमध्ये असता, तर ८ तारखेला स्कॉटलंडचा राजदूत बंडाच्या शहरात बंडखोराचा पाहुणा म्हणून सापडला असता. या उशिराचं श्रेय ब्रूसला द्यायला काही आधार नाही, ते नशीब म्हणायचं.

समोर कोणते पर्याय होते

परत फिरायचं, हा पहिला. पण परत फिरणं म्हणजे एसेक्ससाठीच आलो होतो अशी कबुली.

दुसरा जेम्सला मनातून आवडणारा. लोक सरकारवर चिडलेत का, बंड पुन्हा पेटेल का, ते बघा, पेटणार असेल तर पाठबळ द्या, नाहीतर गोड बोलून परत या. जेम्सनं दिलेल्या सूचनांत राणी आणि प्रजा अशा दोन कड्यांच्या मधून जपून चाला असं होतं. लंडन शहर, टॉवरचा लेफ्टनंट, आरमार, सरदार, जिथं जमेल तिथं माणसं जोडा. हे सगळं एकाच वेळी, आणि तेही सेसिलचे हेर मागावर असताना! राजा चारशे मैलांवर बसून सूचना देतो तेव्हा असंच होतं.

तिसरा पर्याय १५९८ चाच, म्हणजे राणीकडून किंवा पार्लमेंटकडून वारस म्हणून लेखी मान्यता मागायची. राणीनं १५८६ मध्येच लिहून दिलं होतं की जेम्सचा जो काही हक्क असेल त्याला बाध येईल असं मी काही करणार नाही. ‘जो काही असेल’ म्हणजे काय हे ती कधी सांगणार नव्हती.

बळजबरी चौथा. जेम्सनं १५९९ मध्ये आपल्या सरदारांकडून हक्कासाठी लढायच्या शपथेवर सह्या घेतल्या होत्या, पण १६०० मध्ये त्यासाठी कर मागितला तर प्रतिनिधींनी नाही म्हणून सांगितलं. खिशात पैसा नसताना चारशे मैल सैन्य न्यायचं, हा पर्याय कागदावरच.

आणि पाचवा म्हणजे सेसिल. तसं बघायला गेलं तर हा सगळ्यात कडू, कारण सेसिलचा बाप बर्ली यानंच मेरीच्या शिरच्छेदाचा हुकूम पुढं रेटला होता, एसेक्स तर जेम्सच्या दोस्तीतला, आणि वर्षानुवर्षं जेम्सचे कान सेसिलविरुद्ध भरलेले. पण जेम्स स्वतःच लिहून गेलाय की तिथला खरा राजा सेक्रेटरीच आहे.

काय केलं

राणीपुढं ठरलेला कार्यक्रम पार पाडला. बंड मोडलं म्हणून अभिनंदन, कटाशी आमच्या राजाचा संबंध नाही ही ग्वाही, आणि मागण्या. मागण्यांत जेम्सच्या आजीची, म्हणजे लेनॉक्स घराण्याची इंग्लंडातली जमीन परत द्या ही एक होती. वरवर ही जमिनीची कटकट वाटते, पण वारसा कोर्टात बसलेल्या माणसाच्या नजरेनं बघा: ती जमीन जेम्सला वारसानं मिळाली असती तर परक्याला वारसा नाही हा मुद्दा तिथंच निकालात निघाला असता. राणीला पण हे कळत होतं. जमीन दिली नाही. मिळालं ते राणी जेम्सला दरवर्षी जी पेन्शन द्यायची तिच्यात २००० पौंडांची वाढ.

खरं काम आडून झालं. सेसिलनं गुप्तपणे भेटायची तयारी दाखवली. त्याच्या दृष्टीनं पण हिशोब सोपा होता, राणी म्हातारी, एसेक्स गेलेला, उद्या जेम्स गादीवर आला आणि आपण त्याचे शत्रू असलो तर आपलं डोकं कुठं राहील? त्याच्या अटी होत्या. राणीला यातलं काहीही कळता कामा नये. वारस म्हणून जाहीर करा हा हट्ट कायमचा सोडायचा. इकडून तिकडून चार लोकांशी संधान बांधणं बंद.

माझ्या मते निर्णयाची जागा ही, बाकी सगळं तपशील. दुसऱ्या अटीचा अर्थ काय होता बघा. जेम्सनं पंधरा वर्षं ज्या एका कागदासाठी दार ठोठावलं तो कागद मागणंच सोडून द्यायचं, बदल्यात हातात लेखी काही नाही, फक्त एका मंत्र्याचा शब्द, आणि तो मंत्री असा की त्यानं शब्द मोडला तर तुम्ही तक्रार कुणाकडं करणार, राणीकडं? पण ब्रूसनं दुसरी बाजू धरली असावी असं मला वाटतं. दावा कोर्टात गेला की मृत्युपत्र निघणार, परक्याचा नियम निघणार, अराबेला निघणार, आणि एकदा का निकाल विरुद्ध गेला की संपलं. दावा लावलाच नाही तर हरायचा प्रश्नच येत नाही. राणी गेल्याच्या दिवशी ज्याच्या हातात ताबा तोच राजा, आणि ताबा देण्याची ताकद कोर्टात नव्हती, सेसिलमध्ये होती. सातबाऱ्यावर नाव नंतर लावून घेता येतं, आधी जमिनीत उभं राहा, असं गावाकडचा कुठलाही मुरलेला माणूस सांगेल.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. नावांऐवजी आकडे: जेम्स ३०, एलिझाबेथ २४, सेसिल १०, मार २०, ब्रूस ८, आणि सेसिलतर्फे लिहिणारा हेन्री हॉवर्ड ३. सेसिल स्वतः मोजकं लिहायचा, बाकी हॉवर्ड, आणि हॉवर्डची पत्रं म्हणजे संपता संपेनात, खुद्द जेम्स त्यांना कंटाळला होता. यातली बरीच पत्रं ब्रूसच्या नावानं यायची. म्हणजे दिवसा सेशन कोर्टात जमिनीचे दावे ऐकायचे आणि घरी येऊन ८ नंबर म्हणून आकड्यांचा उलगडा करत बसायचं, डबल ड्युटीच.

एक किस्सा सांगतात. सेसिल राणीबरोबर गाडीतून जात असताना स्कॉटलंडचा टपालवाला आला, राणीनं पाकीट लगेच उघडायला सांगितलं. सेसिलनं चाकू काढला, पाकीट नाकाशी नेलं आणि म्हणाला, फार घाण वास येतोय, आधी वारा लागू दे. राणीला घाण वासाचा तिटकारा, तिनं लांब न्यायला सांगितलं, वाचला. खरं असो नसो, त्या काळातला ताण यातून बरोबर कळतो.

या दोन वर्षांत जेम्सचा राणीशी सूर बदलला. त्रागा नाही, मागण्या नाहीत, गोड पत्रं. सेसिलचा सल्लाच तसा होता, तिचं मन सांभाळा, बाकी मी बघतो.

निकाल

२४ मार्च १६०३, एलिझाबेथ रिचमंडला गेली. त्याच दिवशी सकाळी लंडनमध्ये जेम्सच्या नावाची द्वाही फिरली आणि ती वाचणारा होता सेसिल. त्या घोषणेचा मसुदा राणी जिवंत असतानाच एडिंबरोला पोचला होता, आणि हे संगीत इतकं गोड आहे की एकही सूर बदलायला नको असं जेम्सनं कळवलं होतं. राणीच्या दरबारातला रॉबर्ट केरी घोडे बदलत बदलत २६ च्या रात्री एडिंबरोत बातमी घेऊन धडकला. एक तलवार उपसली गेली नाही. शंभर वर्षांत इंग्लंडच्या गादीसाठी काय काय झालं होतं ते आठवलं तर ही गोष्ट किती मोठी ते कळेल.

आणि कायद्याचा कागद? तो १६०४ मध्ये पार्लमेंटनं केला, जेम्सचा हक्क मान्य करणारा, राजा गादीवर बसून वर्ष झाल्यावर.

ब्रूस राजाबरोबर दक्षिणेत आला आणि १८ मे १६०३ ला मास्टर ऑफ द रोल्स झाला, म्हणजे चान्सरी कोर्टात चान्सलरच्या खालोखालची जागा. वेगळ्या कायदापरंपरेत वाढलेला स्कॉटिश माणूस थेट इंग्लंडच्या इतक्या वरच्या कोर्टात. तिथल्या वकिलांना हे कितपत रुचलं असेल याची कल्पना करा. किनलॉसच्या मठाच्या जमिनी त्याच्या घराण्याला कायमच्या मिळाल्या, लॉर्ड ही पदवी मिळाली, मुलीचं लग्न कॅव्हेंडिश घराण्यात झालं. १४ जानेवारी १६११ ला तो वारला, चान्सरी लेनच्या रोल्स चॅपेलमध्ये पुरला. चॅपेल नंतर पाडलं, पण त्याचं स्मारक त्याच आवारात आज किंग्ज कॉलेजच्या लायब्ररीत बघायला मिळतं.

थोरला मुलगा १६१३ मध्ये हॉलंडात द्वंद्वात मेला, धाकटा थॉमस एल्गिनचा अर्ल झाला. हे नाव आपल्याला ओळखीचं आहे. प्लेगच्या वर्षी, १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा व्हाइसरॉय होता लॉर्ड एल्गिन, तीच पदवी. रक्त मात्र आपल्या ब्रूसचं नाही, त्याचा मुलांकडून चाललेला वंश १७४७ मध्ये खुंटला आणि पदवी गेली भाऊ जॉर्जच्या वंशाकडं. हा जॉर्ज म्हणजे कलरॉसला समुद्राखालून कोळसा काढणारा पठ्ठ्या, ती वेगळीच गोष्ट आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात खटकतं ते एकाच नळावर विसंबणं. दोन वर्षं लंडनची बहुतेक आतली बातमी हॉवर्डच्या लेखणीतून आली आणि हॉवर्ड आपले वैरी उरकत होता. वॉल्टर रॅले, कोबम, राणीच्या दरबारातल्या या मंडळींविरुद्ध पानंच्या पानं. जेम्स इंग्लंडात उतरला तोच रॅलेबद्दल मन कलुषित करून. त्याच वर्षी नोव्हेंबरात रॅलेला मृत्युदंड, मग तेरा वर्षं टॉवर आणि १६१८ मध्ये तीच जुनी शिक्षा अमलात. ब्रूस न्यायाधीश होता, एकतर्फी जबाबाची किंमत त्याला कुणी शिकवायला नको होती. सेसिलच्या अटीमुळं दुसरीकडं विचारणं अवघड होतं हे खरं, पण हॉवर्ड काय सांगतोय आणि का सांगतोय हे राजाच्या कानावर घालायला कुठली अट आड येत होती? घातलं असेलही, पण परिणाम दिसत नाही.

दुसरं म्हणजे पकडले गेलो तर काय, याची तयारी. एक पत्र राणीच्या हाती लागलं असतं तर सेसिलचं डोकं आणि जेम्सचा हक्क दोन्ही गेलं असतं. यावर उपाय काय असता ते मला पण नीट सुचत नाही. पत्रं कमी आणि छोटी, एवढं तरी करता आलं असतं, हॉवर्डला आवरा असं सांगून.

तिसरी गोष्ट थोडी ब्रूसच्या बाजूची. परक्याचा प्रश्न टाळला म्हणून तो संपला नाही. राजा एक झाला तरी स्कॉटिश माणूस इंग्लंडात परका की आपला यावर पार्लमेंटात रण माजलं, आणि १६०३ नंतर जन्मलेला परका नाही हे ठरायला कॅल्विनचा खटला आणि १६०८ साल यावं लागलं. आता कुणी म्हणेल की हे आधीच मिटवायला हवं होतं. मला नाही पटत. १६०१ मध्ये हा प्रश्न काढला असता तर उत्तर एलिझाबेथच्या न्यायाधीशांनी दिलं असतं, १६०८ मध्ये ते जेम्सच्या न्यायाधीशांनी दिलं.

ती पत्रं कुणाला कळू नयेत म्हणून एवढी धडपड केली ती १७६६ मध्ये छापून आली. छापणारा डेव्हिड डॅलरिंपल, म्हणजे लॉर्ड हेल्स, त्याच वर्षी कोर्ट ऑफ सेशनचा न्यायाधीश झाला, ८ नंबर ज्या कोर्टात बसायचा त्याच कोर्टाचा.